न पडल्याची वही

न्यूर्टिंगेन, सोमवार, २७ ऑक्टोबर

प्रिय इर्मट्राउडमावशी,

तुला आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना माझा मनापासून नमस्कार. हुसुमला आता वारा सुटला असेल, समुद्र करडा झाला असेल आणि तू नेहमीसारखी खिडकी सताड उघडी टाकून झोपत असशील. उजवा गुडघा कसा आहे? डाव्याचं विचारत नाही, त्याची हकिगत आईकडून दर रविवारी सविस्तर कळते. इकडे आम्ही ठीक आहोत. आईची तब्येत आईच्या मते उत्तम. मला जराशी सर्दी झाली आहे म्हणून ऑफिसातून रजा काढून शनिवारपासून आईकडेच आहे आणि तिच्या सोफ्यावर पडून हे लिहिते आहे. सर्दी विशेष नाही, काळजी करू नकोस.

मार्चमध्ये आई जिन्यावर बसली होती ते तुला माहीत आहे. (“पडली” हा शब्द आमच्या घरात आईसाठी वापरत नाहीत. बाबा पडायचे, शेजारी पडतात, खालच्या मजल्यावरच्या हेफलेबाईंचा दीर तर पडूनच गेला. आई मात्र बसते.) त्या आठवड्यात जिन्याची पाळी तिची होती, दारावर लाकडी पाटी लटकत होती. ज्याच्या दारावर पाटी, त्याने शनिवारी जिना, तळघराची वाट आणि फाटकापर्यंतची फरशी लखलखीत करून पाटी शेजारच्या दारावर अडकवायची, हा आमच्याकडचा नियम तू अजून विसरली नसशील. (आई म्हणते तू विसरलीस. “लग्न होऊन उत्तरेकडे गेली आणि दोन वर्षांत पायपुसण्याखालची माती बघायचं सोडलं हिने,” असं ती म्हणते, पण ते तुझ्यापर्यंत पोचवायचं नव्हतं.) आईचं वय चौऱ्याऐंशी आहे हे पाटीला ठाऊक नाही. नवव्या पायरीवर बादली एकीकडे गेली आणि आई दुसरीकडे. कंबरेपासून मांडीपर्यंत जांभळं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, या वेळी नुसता मुका मार आहे, पुढच्या वेळी खुब्याचं हाड असेल, आणि मग या सतरा पायऱ्या चढून स्वतःच्या घरी परत येणं होणार नाही. हे त्यांनी मला बाहेर नेऊन हळू आवाजात सांगितलं. आईने आतून सांगितलं, “मोठ्याने बोला, मी म्हातारी आहे, बहिरी नाही.”

तेव्हा मावशी, प्रश्न एवढाच आहे की आई या घरात राहणार की नाही. माझ्याकडे यायला ती तयार नाही (चौथा मजला, शिवाय माझ्या इमारतीत जिना एक कंपनी पुसते, ही गोष्ट ती अजून मला माफ करू शकलेली नाही). नगरपालिकेच्या वृद्धाश्रमात ती एकदा कुणाला तरी भेटायला गेली होती. तिथे चार वाजता रात्रीचं जेवण देतात हे ऐकून न जेवताच परत आली.

डॉक्टरांनी चार गोष्टी लिहून दिल्या. जिन्याला भिंतीच्या बाजूने दुसरा कठडा, कारण आहे तो एकाच बाजूला आहे आणि उतरताना नेमका तिच्या दुखऱ्या हाताकडे येतो. टबात उतरताना धरायला एक भक्कम दांडी. गळ्यात घालायचं, दाबलं की मदत बोलावणारं बटण. आणि चाकांचा वॉकर. वॉकर नुसत्या चिठ्ठीवर आरोग्यविम्याकडून आठवड्याच्या आत आला. तो सध्या तळघरात आहे, त्याच्या टोपलीत बटाटे ठेवले आहेत. बाकीच्या तिन्ही गोष्टींसाठी मात्र देखभालीच्या विम्याकडे अर्ज करावा लागतो. मग त्यांचा माणूस घरी येतो, म्हातारीला काय जमतं आणि काय जमत नाही ते पाहतो, जे जमत नाही त्याचे गुण देतो, आणि त्या गुणांवर सगळं ठरतं.

तू विचारशील की फ्रीडेरिके, एक दांडी नि एक कठडा तू स्वतः का नाही आणून बसवत? आणला होता. कारागीरसुद्धा आणला होता. आईने त्याला कॉफी पाजली, केक खाऊ घातला आणि वाटेला लावलं. तिचं म्हणणं असं की मुलीकडून घ्यायचं म्हणजे उपकार. विम्याकडून घ्यायचं म्हणजे हक्क, कारण विणलेल्या कपड्यांच्या कारखान्यात एक्केचाळीस वर्षं शिलाईवर बसून तिने तो हप्ता भरला आहे. मला हे पटलं. एवढंच माझ्या लक्षात आलं नाही की हक्क मागायचा म्हणजे गरज आहे असं कुणासमोर तरी म्हणावं लागतं, आणि ते तर तिला मुलीसमोरही जमत नाही, परक्यासमोर कुठून जमणार! ही जगातली एकच परीक्षा असेल जिच्यात नापास व्हावं लागतं. आणि आई आयुष्यात कधी नापास झालेली नाही.

तपासनीस यायचे होते जूनमधल्या एका बुधवारी. मंगळवारी आईने जिना पुसला. आठवडा हेफलेबाईंचा, पाटी हेफलेबाईंच्या दारावर, तरीही पुसला, तोही गुडघ्यांवर बसून, मेण लावून. हेफलेबाई दार उघडून उभ्याच राहिल्या.

“माझ्या आठवड्यात माझा जिना तुम्ही पुसताय? घाण होता वाटतं?”

“तसं नाही हो. उद्या विम्याचा माणूस येणार आहे.”

“म्हणजे माझं पुसणं विम्याच्या माणसाला पुरत नाही!”

तेव्हापासून हेफलेबाई आमच्याशी फक्त हवामानाबद्दल बोलतात, तेही वाईट असेल तरच.

बुधवारी मी दहा वाजता पोचले तर आईने निळा ब्लाउज घातलेला, केस सेट केलेले, कानात मोती, टेबलावर लाल बेरींचा केक, आणि मार्चपासून न्हाणीघरात ठेवलेलं बसायचं स्टूल गायब. (ते कपाटात सापडलं, बाबांच्या ओव्हरकोटामागे.) मी म्हटलं, आई, निदान आज तरी रोजच्यासारखी राहा. ती म्हणाली, “परका माणूस घरात येणार आणि मी गबाळी बसू?” श्लोटरबेक नावाचे ते गृहस्थ अगदी सज्जन निघाले, आणि तीच अडचण झाली. आईने त्यांना दारात बूट काढायला लावले (जिन्याला कालच मेण लावलं होतं). बूट काढल्यावर मोज्याला भोक दिसलं. ते बिचारे पायावर पाय ठेवून भोक झाकायला बघत होते, पण आईच्या नजरेतून भोक सुटतंय होय! “काढा इकडे,” ती म्हणाली. मावशी, एक सरकारमान्य तपासनीस एका पायाने अनवाणी बसून केक खात होता आणि जिची तपासणी करायची ती बाई चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवून त्याचा मोजा रफू करत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून खुणा करत होते. दोघांनीही पाहिलं नाही.

मग त्यांनी विचारलं की जिना जमतो का. आई उठली, कॉफीचा ट्रे उचलला, खाली गेली, वर आली. एक थेंब सांडला नाही. पण वर आल्यावर तिने ट्रे ठेवताना टेबलाची कड किती वेळ धरून ठेवली ते मला दिसत होतं. श्लोटरबेक तेव्हा लिहीत होते. मग टब. आई घरातले बूट घालूनच टबात उतरली आणि बाहेर आली, टॉवेल अडकवायच्या नळीला धरून, आणि वर म्हणाली, “तुम्हीही करून बघा.” जाताना त्यांनी केकची कृती लिहून घेतली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. अर्जदार स्वच्छ, प्रसन्न आणि स्वतंत्र आहेत. ट्रेसह जिना चढतात. हातांचं बारीक काम उत्तम. मंजुरीस पुरेसे गुण नाहीत. आईने ते पत्र दोनदा वाचलं, घडी घालून शाळेच्या प्रगतिपुस्तकांच्या डब्यात ठेवलं आणि मला म्हणाली, “बघ.” दुसऱ्याच दिवशी टॉवेलची नळी भिंतीतून उपटून तिच्या हातात आली. सुदैवाने ती तेव्हा टबाबाहेर होती.

मी हरकतीचा अर्ज केला. सल्ला देणाऱ्या केंद्रातल्या बाईंनी (फार समजूतदार, त्यांचीही आई याच गावची) सांगितलं की रोजची नोंद ठेवा. कधी पडल्या, कुठे, कशाला धरून उठल्या, सगळं तारखेनिशी लिहा. दुसऱ्या भेटीत ती वही दाखवता येते. मी आईला चौकटीची वही आणून दिली. मला वाटलं होतं ती वहीत किराणा लिहील. पण नेमून दिलेलं काम ती कधी टाळत नाही. परवा सोफ्यावर पडल्या पडल्या मी वही उघडली. तिच्या त्या शाळकरी, तिरप्या अक्षरात लिहिलेलं जसंच्या तसं उतरवते :

“सोमवार. पडले नाही.
मंगळवार. पडले नाही.
बुधवार. न्हाणीघरातली चटई सरकली. मी तिच्यावर होते.
गुरुवार. पडले नाही. पलंगाखालची धूळ जवळून पाहिली. फार आहे.
शुक्रवार. पडले नाही.
शनिवार. चौथ्या पायरीवर बसले. बसलेच होते म्हणून कठड्याच्या गजांची खालची बाजू पुसून घेतली. तिकडे कुणीच पुसत नाही. सव्वाअकरा ते एक.”

आधी मी हसले. चटईवर तर खूपच हसले. मग शेवटची ओळ पुन्हा वाचली. सव्वाअकरा ते एक. मावशी, तो सप्टेंबरमधला शनिवार मला आठवतो, कारण बारा वाजता मी तिला फोन केला होता. खूप वेळ वाजून बंद झाला. दीड वाजता तिने उचलला आणि म्हणाली, बटाटे आणायला तळघरात गेले होते. म्हणजे वर घरात फोन वाजत होता आणि ती जिन्यावर बसून तो ऐकत होती, आणि उठता येत नाही म्हणून गज पुसत होती. हेफलेबाई खाली दोन हातांवर होत्या. हाक मारली असती तर आल्या असत्या. पण जिन्याच्या मेणावरून अबोला धरलेल्या बाईला हाक मारायची म्हणजे! आणि मी त्या बारा वाजता काय केलं? “गेली असेल कुठे तरी” असं म्हटलं आणि बाजारात जाऊन भोपळा घेतला.

मला तिचा राग आला नाही असं नाही. खरं सांगायचं तर अजून आहे. माणसाने इतकं ताठ का असावं? जे होतंय ते सरळ सांगायला काय होतं? मी अशी नाही, तुला माहीत आहे. माझं काही दुखलं तर मी सरळ बोलून मोकळी होते. पण मग असंही वाटतं की बाबा गेल्यापासून या घरात कुणी पाहत नसताना ती जे काही निभावून नेते, त्यातलं निम्मं त्या ताठपणावरच उभं असेल. तो काढून घेतला तर दुसरा कठडा कुणी बसवणार आहे का?

असो. दुसरी भेट ठरली आहे. मंगळवार, ११ नोव्हेंबर, सकाळी दहा. माणूस दुसरा असेल, मोजे मात्र त्यालाही असतीलच. आई आत्ताच विचारत होती की सफरचंदाचा केक करावा की प्लमचा.

तुझ्या मांजरीला माझ्याकडून थोपट, आणि थंडीत गुडघे उघडे टाकू नकोस.

तुझी भाची,
फ्रीडेरिके

ता. क. – मावशी, एक विनंती आहे, पत्राच्या पोटात घालायला धीर झाला नाही. तू अकरा तारखेला इथे येशील का? दहाला आलीस तर बरं. कारण सांगते. आई डॉक्टरांसमोर, तपासनिसासमोर, माझ्यासमोर ठणठणीत असते. जगात एकाच माणसासमोर तिला बरं नसतं, आणि ते माणूस म्हणजे तू. तुमचं रविवारचं बोलणं मी स्वयंपाकघरातून ऐकते. तू म्हणतेस डावा गुडघा, की इकडून लगेच, “तुझं काय घेऊन बसलीस, एकच गुडघा! मला सकाळी उठताना आधी भिंतीला विचारावं लागतं, धरू का म्हणून.” तू म्हणालीस की एकदा पडलीस, तर हिने गेल्या वर्षातली तीन वेळा काढली, तारखांसकट. ती तिन्ही मला तेव्हाच पहिल्यांदा कळली. तुला फक्त एवढंच करायचं आहे की त्या माणसाच्या शेजारी बसायचं आणि तुझ्या दुखण्यांबद्दल बोलायचं. जरा बढाई मारलीस तरी चालेल. पुढचं आई बघेल. (तुझ्या घरी दांड्या आणि बटण विम्याने कसं बसवून दिलं तेही सांग. मात्र बटणाचा विषय जपून काढ. “इर्मट्राउड गळ्यात घंटा घालून फिरते, कुरणातल्या गाईसारखी,” हे कुणी म्हटलं ते मी सांगणार नाही.)

आणखी एक ता. क. – सर्दी नाहीये.

परवा शनिवारी आईचा आठवडा होता. मी म्हटलं तू वर बस, मी पुसते. अकरा पायऱ्या छान झाल्या. मग बादली एकीकडे गेली. भिंतीकडे धरायला हात टाकला, तर तिथे काही नाहीच. घोट्याचा अस्थिबंध फाटला आहे, तीन आठवडे जिना चढायचा-उतरायचा नाही असं घरी येऊन गेलेले डॉक्टर म्हणाले. आवाज ऐकून हेफलेबाईंनी दार उघडलं, तेव्हा आई वरून भिंतीला धरून एकेक पायरी उतरत माझ्यापर्यंत आली होती. तिने खाली वाकून सांगितलं, “काही नाही, बादली पडली.” मीही म्हटलं, हो, बादलीच. ऑफिसात सर्दी सांगितली. तुलाही सांगितली. हेफलेबाईंचं दार बंद झाल्यावर आई माझ्या शेजारी त्याच पायरीवर बसून राहिली. माझा गुडघा थोपटत होती. थोड्या वेळाने म्हणाली, “इथून दार फार लांब दिसतं, नाही?” मग तिने मला बसल्या बसल्या एकेक पायरी वर सरकायला शिकवलं. तिला ते इतकं व्यवस्थित येत होतं, मावशी, की मी काही विचारलं नाही.

वर आल्यावर घोट्याला चक्क्याचा लेप बांधला आणि म्हणाली, वॉकर आणते. मी नको नको म्हणेपर्यंत ती गेली. तळघरातून इथपर्यंत. मी सोफ्यावरून प्रत्येक पायरीचा धप्प आवाज मोजत होते. आपल्या जिन्याच्या अकराव्या पायरीनंतर आवाज थांबला. मी हाक मारली. पुन्हा मारली. मला उठता येत नव्हतं. किती वेळ गेला माहीत नाही, फार नसेल. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की फोन वाजतोय आणि उचलता येत नाही म्हणजे काय. मग पुन्हा धप्प. दारात आली तेव्हा घामाघूम, टोपलीत दोन बटाटे राहिलेले. “बसले होते जरा,” म्हणाली.

तेव्हा अडचण लक्षात आली ना? अकरा तारखेला मी सोफ्यावर पाय वर करून असणार, वॉकर माझ्यापाशी असणार, आणि चौऱ्याऐंशी वर्षांची आई हातात ट्रे घेऊन माझी सेवा करताना दिसणार. ये, मावशी. मला खाली उतरता येत नाही, तेव्हा स्टेशनवर घ्यायला येणार नाही. आणि जिना चढताना कठडा घट्ट धर.

शेवटचं – आत्ता पाकीट बंद करताना वही पुन्हा पाहिली. तपासनिसाला दाखवायची आहे ती हीच. परवाची नोंद अशी आहे :

“शनिवार. मी पडले नाही. फ्रीडेरिके पडली. कोणाला सांगायचं नाही. सहा पायऱ्या राहिल्या होत्या, त्या मी पुसल्या.”